बाकडी कुठं गेली?

माझा आवाज तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलेला असणार. 'उद्या सकाळचा पाणीपुरवठा बंद राहील' हा मीच. 'शेवटचे दोन दिवस, कुठलीही साडी उचला' हाही मीच. चेहरा मात्र कुणी ओळखत नाही, आणि माझ्या स्वभावाला ते बरंच आहे. रिक्षाच्या मागच्या सीटवर, बॅटरी आणि आवाज मोठा करणारं मशीन यांच्या मधे मी अंग चोरून बसतो. हातात माईक, टपावर दोन भोंगे, पुढं गाडी चालवणारा दत्तू. लोक भोंग्याकडं बघतात. आत कुणी बघत नाही.

या अंकासाठी लिहा म्हणणाऱ्या ताईंना मी सांगितलं की माझी शाळा सातवीत सुटली, मला लिहायला जमायचं नाही. त्या म्हणाल्या, "मग बोलता तसंच लिहा." आता मला लिहिण्यापेक्षा बोलण्याची जास्त भीती वाटते, हे त्यांना कुठं ठाऊक. ती भीती कुठून आली तेच सांगतो.

मी वैनगंगेकाठचा. नाशिकला आलो तो अंबडच्या एका कारखान्यात खोकी भरायला. एका गणेश मंडळात 'आरतीला या' म्हणून माईकवर बोललो, ते रऊफभाईंनी ऐकलं. भद्रकालीत त्यांचं मंडप आणि साऊंडचं काम. म्हणाले, "आवाज अच्छा है, बोली बदलनी पडेगी." कारण मी तेव्हा 'येऊन राहिले', 'करून राहिले' असंच बोलायचो आणि लोक हसायचे. त्यांनी मला गोडाऊनच्या वरची खोली दिली, जेवण दिलं, आणि रोज संध्याकाळी समोर बसवून इथल्यासारखं बोलायला शिकवलं. त्यांची स्वतःची मराठी अर्धी हिंदी, पण कान पक्का. या गावानं मला जे दिलं त्याची सुरुवात त्या खोलीपासून होते. मिळालेलं एका चुकीनं परत जाईल, ही धास्तीही तिथूनच सोबत आहे. अजून गेलेली नाही.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय, नुसतं ओरडायचं. तसं नाही. रिक्षा माणसाच्या चालीनं चालते. म्हणजे एका दाराला तुमचा आवाज नीट ऐकू येतो तो दोन-तीन वाक्यं. तेवढ्यात बाईनं कुकर खाली घेतला की संपलं. म्हणून नाव आधी, निशाणी शेवटी, कारण शेवटचं तेवढं कानात राहतं. गल्लीचं नाव घ्यायचं, की माणूस दाराशी येतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तेच तेच बोलायचं. पहिल्यांदा लोक ऐकत नाहीत. तिसऱ्यांदा कंटाळतात. दहाव्यांदा त्यांना वाटतं की हे आपल्याला आधीपासूनच माहीत आहे. शिकलेली माणसं याला काही नाव देत असतील. आम्ही त्याला 'गाणं बसलं' म्हणतो.

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या धंद्यात माणसं फार जवळून दिसतात. एकदा एकाच प्रभागातल्या दोन विरोधी उमेदवारांची रेकॉर्डिंग रऊफभाईंकडं आली आणि दोन्हींना आवाज माझाच लागला. दोन रिक्षा, दोन झेंडे, आवाज एक. मी मिसळ खायला बसलो होतो. शेजारच्या टेबलावर दोन मित्र.

एक म्हणाला, "आमच्या गाडीवरचा माणूस ऐक. कसा घरातल्यासारखा बोलतो. नाहीतर तुमचा तो. ऐकूनच कळतं, भाड्याचा आहे."

दुसरा म्हणाला, "उलटं बोलतोस. तुमच्या त्याच्या आवाजात नुसता माज. आमचा माणूस पोटातून बोलतो."

मी तर्री संपवली. दोघांचाही भाड्याचा मीच होतो. त्या दिवशी मला समजलं की माणूस आधी बाजू घेतो, मग कान लावतो.

दुसरे एक उमेदवार फरशीवाले होते, सज्जन. दारोदार फिरले आणि जो 'मत तुम्हालाच' म्हणेल त्याचं नाव वहीत लिहिलं. वही भरली. निकालाच्या दिवशी त्यांची मतं वहीच्या पहिल्या काही पानांतच बसली. मला म्हणाले, "सुखदेव, एवढी माणसं खोटं बोलली?"

मी म्हटलं, "साहेब, खोटं नाही. दारात आलेल्याला नाही कोण म्हणतं? आणि जी दारं उघडलीच नाहीत, त्यांची नोंद वहीत कुठं होती?"

ते हसले. मलाही तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं. लोकांच्या डोक्यात काय चालतं ते मला कळतं, असं वाटायला लागलं. इथंच माझं चुकलं. कारण लोकांचं जे होत होतं तेच माझंही होत होतं, आणि माझ्या हातात तर माईक होता.

आता मुख्य गोष्ट. सातपूरच्या पुढं एक कामगार वस्ती आहे. खरं नाव लिहीत नाही, नवी चाळ म्हणू. तिथं महापालिकेच्या निवडणुकीत आमची रिक्षा एका मोठ्या उमेदवाराची होती. त्यांच्या प्रचाराचं बघणारे एक गृहस्थ, सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणत. समोर तशी मोठी नावं होती, पण वस्तीतून अपक्ष म्हणून एक बाई उभ्या होत्या, शोभाताई. पोळी-भाजी केंद्र चालवायच्या. निशाणी कढई. भाऊंना त्यांचीच काळजी होती, कारण वस्तीतल्या बायका त्यांना ओळखत होत्या.

मला चालत्या गाडीत कागद वाचता येत नाही. तसा सावकाश वाचतो, पण खड्ड्यात अक्षरं उडतात. म्हणून मी मजकूर पाठ करतो, आणि मधे रिकामी जागा पडली की पदरचं घालतो. हे माझं कसब, लोक त्यावरच खूश असतात.

त्या सकाळी कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर रात्रपाळी संपवून आलेले दोघं बोलत होते. वस्तीत एक अभ्यासिका होती, एका खोलीत. दहावी-बारावीची, पोलीस भरतीची मुलं तिथं बसायची. तिला कुलूप लागलं होतं. एक म्हणाला, "शोभाबाईनंच लावलं ना. बाकडी पण घरी घेऊन गेली." दुसरा म्हणाला, "धंद्याला जागा लागत असेल."

माझ्या डोक्यात सणकच गेली. मी सातवीत असताना तालुक्याच्या वसतिगृहाला असंच कुलूप लागलं होतं. सुट्टीवरून पेटी घेऊन परत गेलो तर दाराला कुलूप. कुणी लावलं, का लावलं, आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्याच पेटीसकट घरी आलो आणि शाळा संपली. त्यामुळं त्या टपरीवर मी शोभाताईंना पाहिलेलंही नव्हतं, तरी मला त्या पक्क्या ओळखीच्या वाटल्या. इतकी वर्षं ज्या माणसावर राग धरून होतो, त्या माणसाला नाव मिळालं.

तासाभरानं तिसऱ्या गल्लीत मजकूर संपला आणि माझ्या तोंडून निघालं, "आमच्या मुलांच्या अभ्यासिकेला कुलूप कुणी लावलं? बाकडी कुठं गेली? मतदारांनो, विचार करा."

यातली खुबी लक्षात घ्या. मी कुणाचं नाव घेतलं नाही. कुणी काही केलं असंही म्हटलं नाही. नुसतं विचारलं. धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, की सांगाल तर कुणी पकडेल, विचाराल तर उत्तर लोकच देतात, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सोडत नाही.

दुपारी भाऊंचा फोन आला. "ते बाकड्याचं काय बोललास रे? झकास. रोज बोल."

पाच दिवस बोललो. हा पाचाचा आकडा आणि पुढचा दिवसांचा हिशेब माझा नाही, दत्तूचा आहे. त्याचं कारण शेवटी येईल.

तिसऱ्या दिवसापासून ती गोष्ट माझ्याकडं परत यायला लागली. आणि येताना वाढून आली. एका गल्लीत पाण्याला थांबलो तर एक जण म्हणाला, बाकडी विकली म्हणे. दुसऱ्या गल्लीत, टेम्पो भरून नेली. वेणूमावशी म्हणून वस्तीतल्या एक जुन्या बाई, दारात लसूण सोलत बसायच्या. त्यांना मी विचारलं तर हातातली पाकळी माझ्याकडं रोखून म्हणाल्या, "मी सवता बघितलं. ह्या डोळ्यांनी. तिनंच कुलूप लावलं, आन संध्याकाळी दोन पोरं बाकडी उचलून तिच्या घराकडं नेत व्हती."

मी दत्तूला म्हटलं, "बघ, किती जण सांगताहेत. आणि मावशींनी तर प्रत्यक्ष पाहिलं."

दत्तू नांदगावकडचा. बोलतो कमी. म्हणाला, "सांगत्यात खरं. पर पहिल्या दिशी कोन सांगत व्हतं?"

मला तेव्हा त्याचं म्हणणं समजलं नाही. पाच तोंडांतून ऐकलं म्हणजे पाच साक्षीदार, असा माझा हिशेब. त्यांतली चार तोंडं माझंच बोलणं मला परत देत होती.

सहाव्या दिवशी घसा पूर्ण बसला. शब्दच फुटेना. दत्तू म्हणाला, "चल, काहीतरी गरम पोटात घाल." गाडी मोठ्या रस्त्यावर लावून चालत गेलो. वस्तीच्या टोकाला एक पत्र्याची शेड, 'पोळी-भाजी मिळेल' एवढाच बोर्ड. दुपार टळून गेली होती. पोळ्या भाजणाऱ्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी घशाला हात लावून दाखवला. त्यांनी काही न विचारता पातेलं चढवलं, गरम पाणी दिलं आणि ज्येष्ठमधाची एक काडी हातावर ठेवली.

"चघळा. आणि हळू बसा. मागं मुलं अभ्यास करताहेत."

मी मागं वळून बघितलं. शेडच्या मागच्या अर्ध्या भागात, पिठाच्या डब्यांच्या पलीकडं, बाकडी होती. सहा लांब बाकडी. त्यांवर दहा-बारा मुलं-मुली मान खाली घालून बसलेली. वर एक पंखा, तो सगळा त्यांच्याकडं वळवलेला. पोळ्या भाजणारी बाई घामानं निथळत होती.

या शोभाताई, हे मला ताबडतोब कळलं. आणि तरी, खरं सांगतो, पहिला विचार असा आला की म्हणजे बाकडी यांनीच नेली हे खरंच होतं तर.

दत्तूनं विचारलं, "ही अभ्यासिकेची का?"

"हो. तिथलं छत खाली यायला लागलं. एका सकाळी झाडायला गेले तर पलिस्तराचा हा एवढा तुकडा पडलेला, वरच्या सळ्या उघड्या. बरं तर बरं, मुलं अजून यायची होती. मीच कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडंच असते. मग काय, त्यांच्या डोक्यावर पडू दे म्हणू?"

"लोकांना सांगितलं नाय?"

त्या हसल्या. "सांगितलं की. कागद छापून वाटला, 'मी बाकडी पळवलेली नाहीत.' ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. आता वाटेत भेटतात ते म्हणतात, अच्छा, बाकडीवाल्या त्या तुम्हीच का?"

पोळी उलटत त्या पुढं म्हणाल्या, "तो भोंगेवाला रोज माझ्या दारावरून जातो. आवाज चांगला आहे हो त्याचा. एकदा उतरून बघायला काय होतं?"

माझ्याकडं आवाज नव्हता. ज्येष्ठमध तोंडात धरून मी तसाच उठून आलो.

संध्याकाळी भाऊंकडं गेलो. कुजबुजत सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "आपण खोटं कुठं बोललो? विचारलं फक्त." मग मोबाईल दाखवला. "तुझा घसा बसला तरी काळजी नको. चौथ्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवलं. तू आराम कर."

दुसऱ्या दिवशी खोलीवर पडल्या पडल्या मी विचार करत होतो, की वस्तीत माझा आवाज फिरतो आहे आणि मी इथं आहे. तोंड माझं बंद, बोलणं चालूच. त्यासारखी दुसरी भीती मला अजून माहीत नाही. त्यात आईचा फोन आला. म्हणाली, "काहून रे, आवाज बसला का? जास्त बोलून रायला असशील." मी म्हटलं, हो आई, जास्तच.

रऊफभाईंना सांगितलं. वाटलं होतं, खोली सोड म्हणतील. ते वायरीचं वेटोळं करत होते. हात थांबला नाही. "बेटा, आवाज वाढवायचं मशीन आहे माझ्याकडं. निकली हुई बात वापस लाने का नहीं है. ते तुलाच पायी करावं लागेल."

म्हणून पायी गेलो. घसा थोडा सुटला होता. टपरीवर, गल्लीत, जो भेटेल त्याला सांगितलं, की शोभाताईंनी बाकडी पळवली नाहीत. एकानं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, ते भोंग्यावर बोलणारा मीच, ते चुकीचं होतं. तो म्हणाला, "मग आता तिकडून किती मिळाले?" दुसरा म्हणाला, काहीतरी असल्याशिवाय एवढं बोलणं होत नाही. पाच दिवस मला कुणीही पुरावा विचारला नव्हता. आता प्रत्येक जण वकील झाला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मी जितका नाही-नाही म्हणत होतो, तितक्या वेळा लोक 'बाकडी' आणि 'शोभाताई' एकत्र ऐकत होते. शेवटचा शब्द कानात राहतो, मधला 'नाही' गळून पडतो. हे तर माझंच शास्त्र.

वेणूमावशी तर संतापल्या. "म्हंजी मी खोटी का रं? माझे डोळे फुटले व्हते का?"

हरून रिक्षाशी आलो. दत्तू काच पुसत होता. म्हणाला, "सुख्या, तू लोकान्ला चुकीचं ठरवतुयास. कोन आयकल? तू आधी काय केलं व्हतंस?"

"विचारलं होतं."

"मंग पुन्हा विचार की."

त्या एका वाक्यासाठी मी दत्तूचा जन्मभर ऋणी आहे. पण विचारण्याआधी एका ठिकाणी जायचं होतं. शेडमध्ये गेलो. मी 'ताई' एवढंच म्हटलं आणि शोभाताईंचा हात तव्यावर थांबला. आवाज परत आला होता ना. त्यांनी गॅस बंद केला.

"परवा माझ्या हातचं पाणी प्यायलात, तेव्हा का नाही बोललात?"

"घसा बसला होता, ताई."

"घसा बसला होता का धीर?"

मी मान खाली घातली. त्यांनी तव्यावरची पोळी खाली उतरवली. मग म्हणाल्या, "माझी मुलगी कंपनीत जाते. तिला बसमध्ये बाया विचारतात, आईनं बाकडी कितीला विकली? मी पडले तर पडेन हो. पण हे नाव माझ्या घराला चिकटलं तर ते कोण पुसणार? तुम्ही आज इथं, उद्या दुसऱ्या गावी."

मी म्हटलं, "मी कुठं जात नाही. एक गाडी द्या मला."

त्यांनी एका रिक्षाची परवानगी काढून ठेवलेली होती, भोंगा नव्हता. भोंगा आणि मशीन रऊफभाईंनी दिलं. ताईंनी अट घातली. "माझं कौतुक करायचं नाही. मी हे केलं नाही, ते केलं नाही, असंही म्हणायचं नाही. त्यानं काय झालं ते बघितलंय मी."

प्रचाराचे दोनच दिवस उरले होते. मी एकच मजकूर धरला. "नव्या चाळीतल्या लोकहो, बाकडी कुठं गेली? इतके दिवस मी हेच विचारत होतो, पण बघायला गेलो नव्हतो. आता बघून आलो. तुम्हीही या. पोळी-भाजीची शेड, संध्याकाळी चार ते सात. अभ्यासिकेच्या खिडकीतून छतही बघा. काय दिसलं ते मी सांगणार नाही." आणि पुढं काही नाही. गाडी पुढच्या गल्लीत. शेवटी निशाणीसुद्धा घेतली नाही.

एका बाजूनं माझा रेकॉर्ड केलेला आवाज विचारत होता, दुसऱ्या बाजूनं माझा खरा आवाज. एका चौकात दोन्ही रिक्षा समोरासमोर आल्या. लोक हसले. माझ्या आयुष्यात मी स्वतःशी इतका मोठ्यानं कधी भांडलो नव्हतो.

पहिल्या संध्याकाळी शेडमध्ये कोण आलं असेल? वेणूमावशी. कंबरेवर हात ठेवून. मी दाराशी उभा होतो. त्या आत गेल्या, एकेका बाकड्यावरून हात फिरवला. मुलांनी मान वर केली, परत खाली घातली. मावशींनी पंख्याकडं बघितलं, मग तव्यापाशी उभ्या असलेल्या शोभाताईंच्या ओल्या पाठीकडं. बाहेर आल्या आणि माझ्याजवळ थांबल्या.

"बाकडी नेताना मी बघितलं व्हतं," त्या सावकाश म्हणाल्या. "कुठं ठेवली ते नव्हतं बघितलं."

एवढंच. पण त्यांना खोटं ठरावं लागलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खरंच होतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी स्वतः चालत येऊन बघितलं, आणि घरी जाताना चार दारांत सांगत गेल्या. दुसऱ्या दिवशी शेडबाहेर चपलांचा ढीग होता. काही जण अभ्यासिकेच्या खिडकीला डोळे लावून छत बघत होते. टपरीवरचा तो रात्रपाळीवाला खाली मान घालून दोन पोळ्या बांधून घेऊन गेला.

शोभाताई पडल्या. फार नाही, थोडक्यात. माझ्या पाच दिवसांनी किती मतं गेली आणि शेवटच्या दोन दिवसांनी किती परत आली, हे मला कधीच कळणार नाही. भोंगा गल्लीत बोलतो, मत पडद्याआड पडतं. निकालाच्या दिवशी मी त्यांच्यासमोर जायला घाबरलो. त्यांनीच निरोप पाठवला, 'पोळ्या उरल्यात, येऊन खा.' ही खंत माझ्याजवळ आहे आणि ती राहू द्यावी असं मला वाटतं. बोलण्याआधी ती घशाशी येते.

पण पुढं जे झालं ते मी माझ्या आवाजानं केलेलं नाही, आणि त्याचंच मला जास्त बरं वाटतं. छत डोळ्यांनी बघितलेले लोक गप्प बसले नाहीत. वस्तीत गवंडी होते, सेंट्रिंगवाले होते, वेल्डर होते. त्यांनी सुट्टीच्या दिवशी टेकू लावले, सळ्या घासल्या, पलिस्तर केलं. निवडून आलेल्या साहेबांनाही लोकांनी बोलावलं, भांडायला नाही, बघायला. त्यांनी वरची गळती बंद करून दिली. भाऊ सोबत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "विचारायची पद्धत चांगली आहे तुझी." मी म्हटलं, तुमच्याकडूनच पक्की झाली.

अभ्यासिका उघडली त्या दिवशी बाकडी परत नेताना सगळी वस्ती हात लावायला आली. सहा बाकड्यांना सत्तर हात. वेणूमावशी पुढं होत्या, आणि शेजारणीला सांगत होत्या, "मी तर आधीपास्नंच म्हनत व्हते, शोभा तसली न्हाई."

शेजारीण म्हणाली, "आम्हीसुद्धा. आम्हाला कुठं खरं वाटलं होतं?"

मी तोंड उघडलं. शोभाताईंनी माझा हात दाबला.

"राहू द्या हो, दादा," त्या हळूच म्हणाल्या. "एवढ्या लोकांना आधीपासून माहीत होतं म्हणजे पुढच्या वेळी सोपं जाईल."

तेव्हापासून आमच्या गाडीची एक रीत आहे. कुणाहीबद्दलची गोष्ट भोंग्यावर घ्यायची असेल तर आधी दत्तू गाडी तिथं नेतो, मी उतरतो, बघतो, मग बोलतो. काही कामं त्यामुळं हातची जातात. पण परवा एका नव्या उमेदवाराच्या माणसानं समोरच्याबद्दल एक वाक्य सांगितलं, आणि मी काही म्हणायच्या आतच तो स्वतःच थबकला. "तुम्ही ते बघायला जाणारे ना? थांबा, आधी मीच बघून येतो." गेला तो त्या वाक्यासाठी परत आला नाही. दुसरा मजकूर घेऊन आला, रस्त्याचा आणि दिव्याचा. चांगला होता. गाणं बसलं.

हे मी त्याच अभ्यासिकेत बसून लिहितो आहे. शेवटचं बाकडं, भिंतीकडची बाजू. शेजारी भरतीची तयारी करणारी एक मुलगी आहे, ती माझे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते आणि हसत नाही. सुरुवातीला मी लिहिलं होतं की ते वाक्य मी दोन दिवस बोललो. अगदी मनापासून लिहिलं होतं, मला तसंच आठवत होतं. मग रीत आठवली. बाहेर जाऊन दत्तूला विचारलं.

तो टपावर भोंगा बांधत होता. खाली न बघता म्हणाला, "दोन? लेका, पाच दिवस."

म्हणून वर पाच लिहिलं आहे.